ला सिओता (दक्षिण फ्रान्स) : मुक्काम करावा की मार्सेयहून जाऊन यावे? सल्ला हवा

वाळूघड्याळ

नमस्कार. सप्टेंबरच्या उत्तरार्धात मी, पत्नी आणि सासूबाई असे तिघे मार्सेयला मेहुणीकडे जाणार आहोत. तिथला कौटुंबिक कार्यक्रम आटोपल्यावर तीन-चार दिवस मोकळे मिळतील. भेटेल तो नीस आणि कान या शहरांचे नाव घेतो आहे, परंतु माझे मन ला सिओता या लहानशा बंदराकडे ओढ घेत आहे. आमच्या चित्रपट मंडळाच्या प्रत्येक रसास्वाद वर्गाची सुरुवात ल्युमिएर बंधूंच्या ‘ला सिओता स्थानकात गाडीचे आगमन’ या चित्रफितीने होते, आणि त्या स्थानकाच्या फलाटावर एकदा तरी उभे राहावे, ही इच्छा जुनी आहे.

मात्र केवळ माझ्या हौसेसाठी दोघींना तिकडे नेणे योग्य होईल का, याविषयी मन साशंक आहे. स्थानक आणि जुने चित्रपटगृह सोडल्यास त्या गावात पाहण्याजोगे काय आहे? सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या असून गुडघेदुखीमुळे त्यांना चढ-उतार फारसा झेपत नाही, परंतु सपाट रस्त्यावर त्या आनंदाने तासभर चालतात. आम्ही तिघेही शाकाहारी आहोत, अंडे चालते. तिथे राहिलेल्या किंवा तो परिसर जाणणाऱ्या सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

दर्याकिनारी

मी नोकरीनिमित्त मार्सेयमध्ये राहतो आणि सुटीच्या दिवशी गर्दीला कंटाळलो की बहुधा ला सिओतालाच जातो. त्यामुळे माझे मत थोडे पक्षपाती असेल, हे आधीच मान्य करतो. आपण मुक्कामच करावा. मार्सेयच्या सॅं-शार्ल स्थानकातून प्रादेशिक गाडीने हे अंतर साधारण अर्ध्या तासाचे आहे, त्यामुळे सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते. पण तसे करणारे लोक नेमकी दुपारची वेळ तिथे घालवतात आणि सकाळ-संध्याकाळ गाडीत. या गावाची मजा मात्र सकाळी आणि संध्याकाळीच आहे.

एक गोष्ट आधी सांगून ठेवतो, कारण बरेच जण तिथेच फसतात. रेल्वे स्थानक गावात नाही. ते किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत, टेकाडांकडच्या बाजूला आहे आणि तिथून जुन्या बंदरापर्यंत बसने यावे लागते. सामान आणि सासूबाई बरोबर असताना हे अंतर पायी कापण्याच्या भानगडीत पडू नये.

जुने बंदर हेच गावाचे हृदय. धक्क्याला लागून मासेमारीच्या लाकडी होड्या, त्यांच्यामागे फिकट पिवळ्या आणि गेरूच्या रंगाच्या उंच अरुंद इमारती, त्यांच्या मधोमध सतराव्या शतकातले गुलाबी दगडाचे नोत्र-दाम द लासोंप्सियों हे चर्च, आणि डाव्या-उजव्या कोणत्याही बाजूला नजर टाकली तरी आकाशात घुसलेल्या जहाजगोदीच्या प्रचंड याऱ्या (क्रेन). बंदरापासून पूर्वेकडे वाळूच्या किनाऱ्यांच्या कडेने जाणारा फिरण्याचा रस्ता सपाट आणि रुंद आहे. त्यावर बाकडीही आहेत. आपल्या सासूबाईंसाठी तो अगदी योग्य ठरेल.

इतिहास म्हणाल तर तो बराच मागे जातो. इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास फोसिआहून आलेल्या ग्रीकांनी मार्सेय वसवले आणि पुढे या सगळ्या किनाऱ्यावर त्यांच्या व्यापाराचे जाळे पसरले. रोमन काळात इथले ठिकाण सिथारिस्ता या नावाने ओळखले जात असे. ती मूळ वस्ती म्हणजे आजचे आतल्या बाजूचे सेरेस्त हे गाव होय, आणि ला सिओता हे शतकानुशतके त्याचे केवळ बंदर होते. १४२९ मध्ये ते सेरेस्तपासून वेगळे झाले. त्यानंतर मासेमारी, जहाजबांधणी आणि पूर्व भूमध्य समुद्रातला व्यापार यांच्या जोरावर ते आपल्या मूळ गावापेक्षा कितीतरी मोठे झाले.

इथल्या लोकांना सर्वाधिक अभिमान कशाचा असेल, तर १७२० सालच्या प्लेगचा, किंबहुना तो गावात न शिरल्याचा. त्या वर्षी मे महिन्यात ‘ग्रां सेंत-आंत्वान’ हे जहाज पूर्वेकडून कापडाचे गठ्ठे घेऊन मार्सेयला आले. मालाच्या मालकांचे वजन असे होते की विलग्नवासाचे नियम ढिले झाले, आणि पुढच्या काही महिन्यांत मार्सेयची जवळजवळ निम्मी लोकसंख्या मृत्युमुखी पडली. ला सिओताने मात्र आपल्या तटाचे दरवाजे बंद केले. मार्सेयच्या शिबंदीचे सैनिक आश्रयाला आले, तेव्हा गावातल्या बायकांनीच त्यांना वेशीवर अडवले, असे परंपरा सांगते. गाव वाचले, आणि त्याच्या बंदरातून भोवतालच्या उपाशी मुलखाला धान्य पोहोचत राहिले. या घटनेचा पोशाखी उत्सव शरदात होतो. करोनाचा अनुभव घेतलेल्या आपल्या पिढीला ही हकिगत निराळ्याच रीतीने भिडते.

निसर्गाविषयी थोडक्यात सांगतो. गावाच्या पश्चिमेला ‘गरुडाची चोच’ या नावाने ओळखला जाणारा सुमारे १५५ मीटर उंचीचा कडा समुद्रात घुसलेला आहे. त्याचा दगड पाहण्यासारखा आहे. नदीतले गुळगुळीत गोटे लालसर गाळात रुतून एकजीव झालेले दिसतात, आणि जवळ गेल्यास एकेक गोटा बोटाने चाचपता येतो. मार्सेय आणि शेजारच्या कासी गावाकडच्या पांढऱ्या चुनखडीच्या कड्यांशी याचा काहीही संबंध नाही. या कड्याच्या पायथ्याशी म्यूजेल उद्यान आहे. मिस्त्राल या उत्तरेच्या झोंबऱ्या वाऱ्यापासून कडा त्याला आडोसा देतो, म्हणून तिथे लिंबूवर्गीय आणि उष्ण प्रदेशातली झाडे जोमाने वाढतात. उद्यानाचा खालचा भाग सासूबाईंना जमेल. वरच्या सज्जावर आपण उभयतांनी जावे आणि त्यांना सावलीत बसवून ठेवावे. शेजारची फिगरोल ही खाडी अधिक रौद्र आणि अधिक सुंदर आहे, परंतु तिथे उतरायला पायऱ्या आहेत आणि खाली सगळे गोटेच आहेत. त्यांना तिकडे नेऊ नये.

चित्रवेडा

दर्याकिनारी यांनी भूगोल उत्तम सांगितला आहे. मी फक्त आपल्या मूळ ओढीविषयी लिहितो.

ल्युमिएर बंधूंचे वडील आंत्वान ल्युमिएर यांनी ला सिओताच्या किनाऱ्यालगत मोठी जागा घेऊन तिथे उन्हाळी वाडा बांधला होता. कारखाना लियोंमध्ये आणि सुटी इथे, असा त्या कुटुंबाचा क्रम होता. २१ सप्टेंबर १८९५ रोजी, म्हणजे पॅरिसच्या ग्रां कॅफेमधल्या २८ डिसेंबरच्या सुप्रसिद्ध तिकीट लावून केलेल्या खेळाच्या तीन महिने आधी, या वाड्यात आप्तेष्टांपुढे चलच्चित्रे दाखवली गेली. त्यामुळे ला सिओताकर सिनेमाच्या जन्माचा मान पॅरिसला सहजासहजी देत नाहीत. वाड्यात आता खासगी सदनिका आहेत, तेव्हा तो बाहेरूनच पाहावा.

गाडीच्या चित्रफितीविषयी दोन गैरसमज आपल्या वर्गातही ऐकू येत असतील. पहिला असा, की पॅरिसच्या त्या पहिल्या खेळात ती दाखवली गेली. ती त्या दहा चित्रफितींत नव्हती, १८९६ च्या आरंभी लोकांसमोर आली. त्या दहांत ला सिओताची एक फीत होती खरी, पण ती समुद्रस्नानाची. लाकडी फळीवरून मुले एकामागून एक पाण्यात उड्या मारतात आणि पुन्हा धावत येऊन रांगेत उभी राहतात, एवढेच तिच्यात आहे. दुसरा गैरसमज म्हणजे अंगावर येणारी गाडी पाहून प्रेक्षक घाबरून पळाले, हा. त्या काळच्या वृत्तान्तांत याला आधार सापडत नाही. मला स्वतःला ती पन्नास सेकंदांची फीत गाडीपेक्षा फलाटावरच्या माणसांसाठी प्रिय आहे. कॅमेरा रुळांच्या अगदी कडेला तिरपा ठेवल्यामुळे गाडी दूरच्या ठिपक्यापासून पडद्याच्या डाव्या कडेपर्यंत वाढत येते, आणि मग दारे उघडून उतरणाऱ्यांची आणि चढणाऱ्यांची जी लगबग उडते, तिच्यात ल्युमिएर कुटुंबातली माणसेही आहेत. एकच जागा, एकच अखंड चित्रण, आणि तरीही दूरदृश्यापासून समीपदृश्यापर्यंत सारे काही त्यात येते. तो फलाट आजही वापरात आहे, म्हणून मार्सेयहून मोटारीने न जाता रेल्वेनेच जावे, असे मी आग्रहाने सांगेन. एका फलाटावर उतरून दुसऱ्या गाडीची वाट पाहत थोडा वेळ काढावा.

या गावाचा मुंबईशी असलेला धागा आपल्याला ठाऊक असेलच, पण इतर वाचकांसाठी लिहितो. ७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात, एक रुपया तिकीट लावून, ल्युमिएरांचे प्रतिनिधी मारियस सेस्तिए यांनी त्यांच्या सहा चित्रफिती दाखवल्या. त्या यादीत ‘गाडीचे आगमन’ होते आणि ‘समुद्रस्नान’ही होते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, हे खेळ पाहूनच झपाटले. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला, १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली आणि पुढे रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हाचा स्वागतसोहळाही टिपला. म्हणजे मुंबईकरांनी पडद्यावर पाहिलेला पहिला परदेशी समुद्र हा ला सिओताचा होता, असे म्हणायला हरकत नाही.

आता एडन थिएटर. हे १८८९ मध्ये नाटक, गाणी आणि कुस्त्यांसाठी सुरू झाले आणि मार्च १८९९ मध्ये तिथे ल्युमिएरांच्या चित्रफितींचा खेळ झाला. आजही सुरू असलेले जगातले सर्वांत जुने सार्वजनिक चित्रपटगृह म्हणून त्याची नोंद झाली आहे. एदित पियाफ आणि इव्ह मोंतां इथे गायलेले आहेत. १९८० च्या दशकात नियमित खेळ थांबले, १९९५ मध्ये दारे बंद झाली आणि इमारत पडते की काय अशी स्थिती आली. गावकऱ्यांनी संस्था स्थापन करून अनेक वर्षे पाठपुरावा केला, आणि मार्सेय-प्रोव्हान्स हा प्रदेश युरोपची सांस्कृतिक राजधानी होता त्या २०१३ साली, ऑक्टोबरमध्ये, ते पुन्हा उघडले. मार्गदर्शकासह आतून दाखवतात, परंतु आपण तेवढ्यावर समाधान मानू नये. संध्याकाळच्या खेळाचे तिकीट काढून, भाषा कळो वा न कळो, त्या पिवळ्या इमारतीत बसून एक अख्खा चित्रपट पाहावा. काळा घोड्यावरची वॉटसनची इमारत आज कोणत्या अवस्थेत आहे, हे ठाऊक असलेल्या माणसाला तिथे बसल्यावर काय वाटेल, ते मी लिहीत नाही.

मुशाफिर नाशिककर

वरील दोन्ही सदस्यांचा आदर राखून थोडा वेगळा सल्ला देतो. तीन-चारच दिवस असतील आणि बरोबर चित्रपटवेड्या नसलेल्या दोन व्यक्ती असतील, तर मुक्काम शेजारच्या कासी येथे करावा आणि ला सिओता एका दिवसात उरकावे. कासी अधिक देखणे आहे, त्याच्या बंदरातून पांढऱ्या कड्यांमधल्या खाड्यांची बोटफेरी मिळते आणि ती बसूनच करायची असल्याने गुडघ्यांचा प्रश्न येत नाही. ला सिओताच्या बंदरात जिकडेतिकडे गोदीच्या याऱ्या दिसतात, हे सर्वांनाच रुचेल असे नाही. मला स्वतःला ते रुचले नाही.

गोदीकर

मुशाफिर यांना ज्या याऱ्या खटकल्या, त्यांच्यासाठीच मी ला सिओताला गेलो होतो, म्हणून हा प्रतिसाद. माझी उमेद जहाजबांधणीत गेली आहे, त्यामुळे माझी नजर वेगळी, हे मान्य.

इथे आधुनिक गोदी १८३० च्या दशकात उभी राहिली. १८५१ मध्ये, पुढे मेसाजरी मारिटीम म्हणून प्रसिद्ध झालेल्या टपालजहाज कंपनीने ती घेतली. सुएझ कालव्यातून पूर्वेकडे जाणारी या कंपनीची अनेक जहाजे इथेच बांधली गेली. याच कंपनीच्या ‘जॉर्ज फिलिपार’ या जहाजाची कथा दुःखद आहे. पहिल्याच सफरीवर योकोहामाहून परतताना, कोलंबो मागे टाकल्यावर, मे १९३२ मध्ये एडनच्या आखातात ते पेटले. नामांकित फ्रेंच पत्रकार आल्बेर लोंद्र यांचा त्यात अंत झाला.

युद्धानंतर तेलवाहू आणि द्रवरूप वायू वाहून नेणारी जहाजे बांधून गोदी भरभराटीला आली. सत्तरच्या दशकात पाच हजारांहून अधिक माणसे इथे राबत होती. गावाची लोकसंख्या पाहता, घरटी एक माणूस गोदीत होता असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. मग तेलसंकट आले आणि पूर्व आशियातल्या गोद्यांशी स्पर्धा सुरू झाली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस काम थांबले. इथवरची गोष्ट कोणत्याही गोदीची असू शकते, परंतु पुढची फक्त ला सिओताची आहे. यंत्रसामग्री मोडीत काढून त्या जागेवर पर्यटनासाठी बांधकामे करण्याचा घाट घातला जात असताना १०५ कामगारांनी गोदीचा ताबा घेतला आणि ते १९९४ पर्यंत हटले नाहीत. त्यांचा हट्ट असा, की इथे समुद्राचेच काम होईल. शेवटी तोडगा निघाला, सार्वजनिक भांडवलाची कंपनी स्थापन झाली आणि गोदी महाकाय खासगी नौकांच्या दुरुस्तीकडे वळली. २०२२ मध्ये चार हजार टनांहून अधिक वजनाची नौका पाण्याबाहेर उचलणारे नवे उद्‌वाहन तिथे सुरू झाले. अब्जाधीशांच्या नौका घासूनपुसून देण्यात जुन्या कामगारांना काय वाटत असेल, हा प्रश्न वेगळा. पण याऱ्या उभ्या आहेत त्या शोभेसाठी नव्हेत, आणि गिरणगावाचे मॉल झालेले पाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी त्यांच्याकडे एकदा नीट पाहावे, असे वाटते.

जुन्या बंदरालगतच्या पूर्वीच्या नगरपालिका इमारतीत सिओतादेन संग्रहालय आहे. गोदीविषयीचा बराच ऐवज तिथे मिळेल. नेपोलियनला १७९९ मध्ये इजिप्तहून गुपचूप फ्रान्सला परत आणणारा आरमारी अधिकारी गांतोम हा याच गावचा.

वाळूघड्याळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुक्काम ला सिओतालाच करण्याचे ठरवले आहे. गोदीकर यांचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांचे वडील परळच्या गिरणीत होते, त्यामुळे त्या आता माझ्यापेक्षा उत्सुक झाल्या आहेत. कासीला बोटफेरीसाठी अर्धा दिवस जाऊ.

तीन शंका उरल्या आहेत. शाकाहारी जेवणाचे काय? पेतांक हा खेळ याच गावात जन्मला असे वाचले, तो पाहायला मिळेल का? आणि दोन गावांमधला कड्यावरचा रस्ता मोटारीने करावा का?

दर्याकिनारी

जेवणाचे आधी सांगतो. हा माशांचा मुलूख आहे, तेव्हा उपाहारगृहांच्या यादीत शाकाहारी पदार्थ मोजकेच असतील आणि भाजीच्या रश्श्यातही माशाचा अर्क असू शकतो, म्हणून विचारून घ्यावे. पण एक पदार्थ आपल्याला नक्की आवडेल. त्याचे नाव पानीस. काबुली चण्याचे पीठ पाण्यात शिजवून, घोटून, थापून घट्ट होऊ देतात आणि मग त्याच्या चकत्या तळतात. पाटवडी तळून वर मीठ-मिरपूड भुरभुरावी, तसा प्रकार समजा. याशिवाय वांगी, ढोबळी मिरची आणि टोमॅटोचे रातातुई, ऑलिव्हचे वाटण, आणि बाजारच्या दिवशी मिळणारी ताजी फळे व चीज यांवर तीन दिवस सुखाने निघतात. स्वयंपाकघर असलेली खोली घेतल्यास उत्तम.

पेतांकचा जन्म १९०७ च्या सुमाराचा मानतात. त्यापूर्वीच्या प्रोव्हान्सी खेळात गोळा टाकण्याआधी पावले टाकत धावावे लागे. संधिवाताने जखडलेल्या झ्यूल लनुआर या खेळाडूला ते जमेना, तेव्हा मैदानाचे चालक पितियो यांनी मैदान आखूड करून, पाय जमिनीवर स्थिर ठेवून खेळण्याची पद्धत काढली. गुडघेदुखीवरच्या तोडग्यातून निघालेला हा खेळ सासूबाईंना अवश्य दाखवा. लनुआर यांच्या नावाचे मैदान आजही आहे, पण त्यासाठी मुद्दाम वाकडी वाट करण्याची गरज नाही. संध्याकाळी झाडांखालच्या कोणत्याही मोकळ्या जागेत निवृत्त मंडळी खेळताना दिसतील आणि दोन गोळ्यांपैकी कोणता जवळ, यावर मोजफीत काढून भांडतानाही दिसतील.

आपण मार्सेयला असणारच आहात, तर तिथले जुने बंदर पाहताना ८ जुलै १९१० चे स्मरण ठेवावे. सावरकरांनी ‘मोरिया’ जहाजातून मारलेली उडी याच शहराच्या बंदरातली, आणि किनाऱ्यावर त्यांना पुन्हा पकडून ब्रिटिशांच्या ताब्यात दिल्यामुळे उद्भवलेला फ्रान्स-ब्रिटन वाद हेगच्या लवादापुढे गेला होता.

रंगपेटी

थोडी भर घालतो. फ्रेंच चित्रकार जॉर्ज ब्राकने १९०७ च्या उन्हाळ्यात ला सिओताला राहून तिथली निसर्गचित्रे रंगवली. घनवादाकडे (क्युबिझमकडे) वळण्याच्या अगदी आधीचा, भडक रंगांचा ब्राक त्यांत दिसतो. मूळ चित्रे आता मोठमोठ्या संग्रहालयांत गेली आहेत, गावात नाहीत. पण त्या चित्रांच्या प्रती मोबाइलवर घेऊन किनाऱ्यावर उभे राहिल्यास टेकड्यांच्या रेषा ओळखू येतात.

मुशाफिर नाशिककर

कड्यावरच्या रस्त्याविषयी मी सांगतो, कारण त्या बाबतीत माझे आणि दर्याकिनारी यांचे एकमत होईल. रूत दे क्रेत हा साधारण पंधरा किलोमीटरचा रस्ता ला सिओता आणि कासी यांच्या मधल्या कड्यांच्या माथ्यावरून जातो. सर्वोच्च ठिकाणी समुद्र ३९४ मीटर खाली असतो आणि बहुतेक ठिकाणी कठडा नाही. मोटार थांबवण्याच्या जागा अनेक आहेत आणि तिथून सासूबाईंना चार पावलांवर सारा देखावा दिसेल, म्हणून एक दिवसापुरती मोटार भाड्याने घ्यावी. शक्यतो ला सिओताकडून कासीकडे, दुपार कलल्यावर जावे.

मात्र जोराचा वारा सुटला किंवा वणव्याचा धोका असला, की हा रस्ता बंद करतात. २०१२ पासून हा परिसर कालांक राष्ट्रीय उद्यानाशी जोडलेला असल्याने पायवाटांवरही उन्हाळ्यात निर्बंध असतात आणि ते रोज बदलू शकतात. म्हणून मोटार ठरावीक दिवशी आगाऊ न घेता हवेचा अंदाज पाहून घ्यावी. वारा पडला नाही, तर तो दिवस म्यूजेल उद्यानासाठी ठेवावा. समुद्र शांत असला तर जुन्या बंदरातून ईल व्हेर्त या झाडीच्या बेटावर जाणारी होडीही मिळते, परंतु चढता-उतरताना पायरी हलते, तेव्हा ती फेरी आपण उभयतांनीच करावी आणि हंगामातली शेवटची होडी किती वाजता परत येते, हे जाण्यापूर्वी धक्क्यावर विचारून घ्यावे.